शून्य रुपयांचं तिकीट

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या बाजूला कर्नाटकच्या साध्या बसमध्ये बाई चढली, ओळखपत्र दाखवून उतरायचं गाव सांगितलं, की कंडक्टर मशिनवर तिकीट काढून तिच्या हातात देतो. त्यावर चढण्याचं ठिकाण असतं, उतरण्याचं असतं, तारीख असते, आणि रकमेच्या जागी शून्य. ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत कर्नाटकात राहणाऱ्या सगळ्या बायकांना साध्या बसचा राज्यातला प्रवास मोफत झाला. त्या पट्ट्यातल्या मराठी घरांत या तिकिटाचं अप्रूप कधीच संपलं. बाजाराला, दवाखान्याला, माहेरी जाण्याच्या रोजच्या व्यवहारात ते मुरून गेलंय.

इकडे पुण्या-मुंबईत बसचं भाडं वाढलं की दरवेळी विचारणा होते, शहरातली बस मोफत का करत नाहीत? प्रश्न रास्त आहे. ‘फुकट दिलं की लोकांना किंमत राहत नाही’ असं म्हणून तो उडवून लावू नये. उड्डाणपूल मोटारीला मोफत असतो. पथदिव्याखाली उभं राहायला कोणी पैसे मागत नाही. त्याच पुलावरून चाळीस-पन्नास माणसं घेऊन जाणाऱ्या बसमधल्या प्रत्येकाने मात्र तिकीट काढायचं, हा रिवाज आपण कधी तपासून पाहिलेला नाही. म्हणून मागणीला माझा विरोध नाही. पण बस मोफत करायची म्हणजे नेमकं काय काय करावं लागतं, पैसे कुठून कुठे फिरतात आणि कुठे अडकतात, हे बघितल्याशिवाय ती मागणी करणं धोक्याचं आहे, आणि तो धोका सगळ्यात आधी बसच्याच जिवावर बेततो.

सुरुवात त्या शून्याच्या तिकिटापासूनच करू. प्रवास फुकट, तर तिकीट हवं कशाला?

कंडक्टरची पाळी डेपोत सुरू होते. तिकीट मशिन, कागदाचे रोल, थोडी चिल्लर आणि वेबिल, म्हणजे पाळीच्या हिशेबाचा कागद, घेऊन तो गाडीवर येतो. मशिनमध्ये मार्ग निवडला की त्या मार्गाचे सगळे टप्पे समोर येतात. गाडी एकेक टप्पा मागे टाकते तसा त्याने मशिनवरचा टप्पा पुढे सरकवायचा. प्रवाशाने ठिकाण सांगितलं की उतरण्याचा टप्पा, फुल की हाफ, किती, आणि छापा. भरलेल्या गाडीत हे सगळं एका हाताने दांडा धरून, दोन सीटमध्ये गुडघा टेकवून चालतं. टप्पा सरकवायचा राहिला की आत्ता चढलेल्या माणसाला मागच्या थांब्यापासूनचं जास्तीचं तिकीट जातं आणि वादावादी होते. गर्दी फारच असेल तर पुढचा टप्पा येण्याआधी कंडक्टर एक बेल मारून गाडी बाजूला घ्यायला लावतो, राहिलेली तिकिटं पुरी करतो आणि मग डबल बेल. पाळी संपली की मशिन जमा होतं, त्यातला हिशेब संगणकावर उतरतो, आणि मशिनच्या बेरजेइतकी रोकड भरावी लागते. कमी पडली तर ती कंडक्टरच्या खिशातून जाते.

या जमाखर्चातून आणखी एक मोलाची गोष्ट हाती येते: कोणत्या टप्प्यावरून कोणत्या टप्प्यापर्यंत, किती वाजता, किती माणसं गेली. फेऱ्या वाढवायच्या की कमी करायच्या, मार्ग कुठून वळवायचा, शेवटची गाडी किती वाजता सोडायची हे वाहतूक विभाग याच आकड्यांवरून ठरवतो. तिकीट उठवलं की हे आकडे गेले. दारावर माणसं मोजणारे सेन्सर बसवता येतात, पण कुठे किती चढले आणि किती उतरले एवढंच ते सांगतात. सकाळी सव्वासातला कात्रजहून चढलेली बाई शिवाजीनगरला उतरते की पुढे औंधपर्यंत जाते, हे त्यांना कळत नाही.

शून्याचं तिकीट दोन कामं करतं. प्रवासाची नोंद राहते, आणि त्या नोंदीवर परिवहन महामंडळ सरकारकडे पैशाची मागणी करू शकतं. दिल्लीने २९ ऑक्टोबर २०१९ पासून, भाऊबीजेच्या मुहूर्तावर, बायकांना बस मोफत केली तेव्हा गुलाबी तिकीट आणलं आणि एका गुलाबी तिकिटामागे सरकारने १० रुपये द्यायचे असं ठरवलं. कर्नाटकात मात्र जितकं अंतर तितकं भाडं सरकारच्या नावे लागतं. दिल्लीची रीत हिशेबाला सोपी आहे, पण लांबच्या प्रवासात त्या दहा रुपयांत खर्च निघत नाही. कर्नाटकची रीत नेमकी आहे, पण जानेवारी २०२५ मध्ये तिथे भाडं १५ टक्क्यांनी वाढलं तेव्हा बाईच्या तिकिटावर शून्य तसंच राहिलं आणि सरकारचं देणं फुगलं. ते देणं वेळेवर आलं नाही की महामंडळाची डिझेलची उधारी वाढते, सुटे भाग येत नाहीत, गाडी डेपोत उभी राहते.

या तिकिटात एक जागा कच्ची आहे. पैशाच्या तिकिटाला रोकड हा साक्षीदार असतो, शून्याच्या तिकिटाला कोणी नाही. गर्दीत कंडक्टरने पंचवीस बायकांची तिकिटं काढलीच नाहीत तर महामंडळाला त्यांचे पैसे मिळत नाहीत, आणि रिकाम्या गाडीत पंचवीस तिकिटं जास्तीची छापली तर सरकारला भुर्दंड पडतो. दोन्ही वेळा त्याची रोकड जुळतेच. दिल्लीत कागदी गुलाबी तिकिटाच्या जागी रहिवासी बायकांसाठी स्मार्ट कार्ड आणायचं ठरलं ते याच कारणाने. कार्ड टेकवलं की नोंद माणसाशी जोडली जाते. पण कार्ड नसलेली, पत्त्याचा पुरावा नसलेली, नुकतीच कामासाठी शहरात आलेली बाई मग बाहेर राहते, आणि मोफत बसची गरज तिलाच सगळ्यांत जास्त असते. या पेचातून सुटण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे तिकीट तपासनीस वाढवणं आणि काही गाड्यांवर माणसं मोजून मशिनच्या आकड्याशी ताडून बघणं. ते कंटाळवाणं काम आहे, त्यामुळे उद्घाटनाच्या भाषणात त्याचा उल्लेख नसतो.

दिल्लीत आणखी एक त्रास पुढे आला. थांब्यावर फक्त बायका उभ्या दिसल्या की काही ड्रायव्हर गाडी न थांबवता पुढे काढत. २०२३ मध्ये अशा एका प्रकारानंतर ड्रायव्हरवर कारवाई झाली आणि सरकारला जाहीर ताकीद द्यावी लागली. ड्रायव्हरचा दुष्टपणा म्हणून हे सोडून देणं सोपं आहे. पण त्याची बाजू बघा. गाडी भरलेली, वेळ चुकलेली, आणि वरिष्ठ जाब विचारतात तो वेळेबद्दल. थांब्यावर थांबलं तर दोन मिनिटं जातात, न थांबलं तर कोणी विचारत नाही. आजकाल बहुतेक शहरांत बस भाडेतत्त्वावर असतात आणि ठेकेदाराला किलोमीटरमागे पैसे मिळतात. गाडीत सत्तर माणसं असोत की सात, त्याचं बिल तेवढंच. ही रीत एका अर्थी मोफत प्रवासाला सोयीची आहे, कारण तिकिटाचं उत्पन्न बुडालं तरी ठेकेदाराचा करार बदलावा लागत नाही. मात्र करारात थांबा चुकवण्याचा, फेरी रद्द करण्याचा आणि अर्ध्यावरून गाडी वळवण्याचा दंड लिहिलेला नसेल, आणि जीपीएसवरून तो खरोखर कापला जात नसेल, तर रिकामी धावणारी बस ठेकेदाराला परवडतेच परवडते.

आता मुंबईकडे येऊ, कारण आपल्या राज्यातला या विषयावरचा सगळ्यांत मोठा प्रयोग बेस्टने केलाय. शून्यापर्यंत तो गेला नाही, पाच रुपयांपर्यंत गेला.

९ जुलै २०१९ ला बेस्टने किमान भाडं आठ रुपयांवरून पाच केलं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पूर्वी दोन किलोमीटरना असलेला पहिला टप्पा पाच किलोमीटरचा केला. एसी बसचं किमान भाडं सहा रुपये. स्टेशनपासून कंपनीपर्यंत शेअर रिक्षाला दहा-पंधरा रुपये मोजणारी माणसं बसच्या रांगेत परतली. काही महिन्यांत रोजचे प्रवासी सतरा-अठरा लाखांवरून तीस लाखांच्या घरात पोचले. भाडं तीन टक्के वाढलं की प्रवासी एक टक्का घटतात, असा एक जुना अमेरिकी ठोकताळा आहे. मुंबईतली उडी त्याच्या हिशेबात बसत नाही. बसच्या शेजारीच शेअर रिक्षा उभी असते तिथे दोन रुपयांचा फरकही माणसाला एका रांगेतून दुसऱ्या रांगेत नेतो. ज्यांना वाटतं की भाड्याने काही फरक पडत नाही, त्यांनी २०१९ चा पावसाळा आठवावा.

त्या कपातीच्या जोडीला एक वचन होतं. महापालिकेने बेस्टला अनुदान द्यायचं आणि भाड्याच्या गाड्या घेऊन ताफा सात हजारांवर न्यायचा. भाडं एका रात्रीत उतरलं, गाड्या काही आल्या नाहीत. जुन्या गाड्या वय झाल्यावर भंगारात जात राहिल्या, भाड्याच्या गाड्या ठरल्या वेगाने आल्या नाहीत, काही ठेकेदार मध्येच सोडून गेले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये भाड्याच्या बसवरच्या ड्रायव्हरांनी पगारासाठी संप केला तेव्हा शहरभर थांबे ओसंडले. २०२५ पर्यंत एकूण ताफा तीन हजारांच्याही खाली आला, त्यात बेस्टच्या स्वतःच्या मालकीच्या फक्त काही शे. आणि ९ मे २०२५ ला किमान भाडं पाचाचं दहा झालं, एसीचं सहाचं बारा.

मला या विषयावर एकच गोष्ट ठामपणे सांगायची आहे आणि ती या सहा वर्षांत लिहिलेली आहे. प्रवाशाने न दिलेलं भाडं कोणीतरी द्यायचंच असतं. तो देणारा आधी लेखी ठरला नाही, तर ते भाडं बसच्या खात्यावर पडतं, आणि बस ते आपल्या फेऱ्या कमी करून फेडते. पूर्वी बेस्टच्या बसचा तोटा वीज विभागाच्या कमाईतून आणि वीजबिलातल्या वेगळ्या आकारातून भरून निघायचा. २०१० च्या दशकात तो मार्ग बंद झाला. त्याच्या जागी दुसरा कायमचा मार्ग कोणी आखला नाही. पाच रुपयांच्या तिकिटाचा दोष नव्हता. त्याच्या मागे उभं राहणारं कोणी नव्हतं.

फेऱ्या कमी झाल्या की प्रवाशाचं काय होतं ते आकड्यांत मांडून बघण्यासारखं आहे. समजा बारा किलोमीटरचा मार्ग आहे आणि बस ताशी बारा किलोमीटरने जाते. आपल्या शहरांत गर्दीच्या वेळी हा वेग नेहमीचा. जायला एक तास, यायला एक तास, दोन्ही टोकांना पाच-पाच मिनिटं. एक चक्कर १३० मिनिटांची. दर दहा मिनिटांनी गाडी हवी असेल तर तेरा बस लागतात. सातच असतील तर जवळजवळ वीस मिनिटांनी एक. गाड्या नेमाने येत असतील तर वीस मिनिटांच्या अंतरात माणूस सरासरी दहा मिनिटं थांबतो. पण त्या नेमाने येत नाहीत. एखादी गाडी थोडी उशिरा झाली की पुढच्या थांब्यावर जास्त माणसं साठतात, त्यांना चढायला जास्त वेळ लागतो, गाडी आणखी मागे पडते; मागची मात्र रिकामे थांबे घेत तिला गाठते. मग चाळीस मिनिटं काही नाही आणि एकदम दोन. सरासरी थांबणं वीस मिनिटांवर जातं, गाड्या तेवढ्याच असून.

या मार्गावर उद्या तिकीट माफ केलं तर प्रवासी वाढणार, चढायला लागणारा वेळ वाढणार, आणि दोन गाड्या एकदम येण्याचं प्रमाणही वाढणार. युरोपात बस मोफत झाली की उलट वेळ वाचतो, कारण तिथे बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरच तिकीट देतो आणि त्यापायी दारात खोळंबा होतो. आपल्याकडे कंडक्टर आत फिरतो. म्हणजे तिकडचा हा फायदा आपल्याला फारसा मिळत नाही. शून्याचं तिकीट छापायचंच असेल तर कंडक्टरही लागतो. दोन पाळ्या, साप्ताहिक सुटी आणि रजा धरून एका गाडीमागे दोनाहून जास्त. तो खर्चही वाचत नाही.

त्याच मार्गावर बसला वेगळी मार्गिका दिली आणि वेग ताशी बारावरून सोळा झाला, तर काय होतं? जायला ४५ मिनिटं, यायला ४५, चक्कर शंभर मिनिटांची. दहा मिनिटांच्या अंतराला तेराऐवजी दहाच बस पुरतात. तीन गाड्या, त्यांचे ड्रायव्हर आणि कंडक्टर दुसऱ्या मार्गाला मोकळे होतात. रंगाचा पट्टा, खांब आणि पार्किंग हटवण्याची हिंमत एवढाच त्याचा खर्च. पुण्यात बीआरटीची मार्गिका ज्या रस्त्यांवरून उखडली गेली तिथे आपण नेमकं हेच गमावलं.

दुचाकीवाल्याचं काय? पुणेकराला बसमध्ये आणायचं तर त्याच्या हिशेबात शिरावं लागतं. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर, गाडी लिटरला पंचेचाळीस देते असं धरलं तर पाच किलोमीटरला अकरा-बारा रुपये. १ जून २०२५ पासून पीएमपीचं पाच किलोमीटरपर्यंतचं तिकीट दहा रुपये आहे. म्हणजे आजही दोन्ही जवळपास सारखंच, आणि मागे कोणी बसलं तर दुचाकी स्वस्त. ती दाराशी उभी असते, थांब्यावर वाट बघावी लागत नाही. या माणसाचे दहा रुपये वाचवून तो थांब्यावर येणार नाही. त्याची वीस मिनिटं वाचवली तर कदाचित येईल.

पण सगळा विचार दुचाकीवाल्याला समोर ठेवून करायचा, ही आपल्या चर्चेतली मोठी खोट आहे. एस्टोनियाच्या राजधानीत, ताल्लिनमध्ये, २०१३ पासून नोंदणीकृत रहिवाशांना बस-ट्राम मोफत आहे. अभ्यासकांनी तपासलं तेव्हा मोटार सोडून आलेले लोक थोडेच निघाले, आणि चालत जाणारे मात्र बरेच बसमध्ये येऊन बसले होते. तिकडे हे योजनेचं अपयश म्हणून मांडलं गेलं. ताल्लिनचा फुटपाथ रुंद आहे, चालणं आरोग्याचं आहे, तेव्हा त्यांचं त्यांना ठीक असेल. पण हडपसरहून मगरपट्ट्याकडे किंवा जनता वसाहतीतून सहकारनगरकडे धुण्याभांड्याच्या कामाला पायी जाणारी बाई बसमध्ये बसली, तर ते अपयश कसं म्हणायचं? तिच्या वाटेवर सलग फुटपाथ नाही, पावसाळ्यात गुडघाभर पाणी, संध्याकाळी दिवे नाहीत. ती चालते ते व्यायामासाठी नाही. तीन घरची कामं, मधे पोराला शाळेतून आणणं, येताना भाजी: दिवसात चार छोटे प्रवास, प्रत्येकी दहा रुपये, महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर १०४० रुपये. दीड हजारांचा मासिक पास त्याहून महाग, आणि तो एकरकमी भरायचा. म्हणून ती पायी जाते. तामिळनाडूने मे २०२१ मध्ये साध्या शहर बसमध्ये बायकांना मोफत प्रवास दिला, तेव्हा तिथल्या राज्य नियोजन आयोगाच्या पाहणीत बायकांची महिन्याची सरासरी बचत ८८८ रुपये निघाली. ज्या घरात महिना दहा-बारा हजारांत भागतो तिथे ही रक्कम म्हणजे रेशनबाहेरचा सगळा किराणा.

मोफत प्रवासाच्या बाजूने मला पटलेला सगळ्यांत बळकट मुद्दा हाच आहे. प्रदूषण, वाहतूक कोंडी वगैरे त्यानंतर.

युरोपचे बाकीचे दाखले आपल्याकडे फार सढळ हाताने दिले जातात. लक्झेंबर्गने २०२० मध्ये देशभर प्रवास मोफत केला, पण तिथे तिकिटातून एकूण खर्चाच्या दहा टक्केही निघत नव्हते. फ्रान्समधल्या डंकर्कने सप्टेंबर २०१८ मध्ये बस मोफत केली. तिथेही तिकिटाचा वाटा साधारण दहा टक्के, आणि उरलेल्याचा मोठा भाग कंपन्यांवरच्या खास वाहतूक करातून यायचा. शिवाय डंकर्कने त्याच दिवशी मार्गांची सगळी जुळणी नव्याने केली आणि मुख्य पाच मार्गांवर दर दहा मिनिटांनी गाडी ठेवली. आठवडाअखेरीस प्रवासी दुपटीहून जास्त झाले, त्यात दहा मिनिटांच्या गाडीचा हात किती आणि शून्य भाड्याचा किती, हे वेगळं काढता येत नाही. बेल्जियममधल्या हॅसेल्टने १९९७ ते २०१३ अशी सोळा वर्षं बस मोफत चालवली, प्रवासी दहापटीहून अधिक झाले आणि शेवटी खर्च न झेपल्याने तिकीट परत आणलं. आपल्या महानगरांत तिकिटाचा वाटा याहून कितीतरी मोठा आहे. त्यामुळे खड्डाही मोठा.

किती मोठा, ते गोल आकड्यांत बघू. हे हिशेबापुरते धरलेले आकडे आहेत. रोज २५ लाख प्रवासी आणि सरासरी दहा रुपये भाडं धरलं, तर सगळ्यांना मोफत करण्यात दिवसाला अडीच कोटी आणि वर्षाला नऊशे कोटींवर उत्पन्न जातं. एक बस दिवसाला १८० किलोमीटर धावते आणि वीज, कंडक्टर, देखभाल सगळं धरून किलोमीटरला ८० रुपये पडतात असं मानलं, तर हजार बसचा खर्च दिवसाला एक कोटी ४४ लाख. म्हणजे त्याच अडीच कोटींत सतराशेहून जास्त नव्या बस रोज धावू शकतात, आणि त्या आपलं थोडंफार उत्पन्नही घेऊन येतात. केंद्राच्या शहर सेवा मानकानुसार हजार लोकसंख्येमागे ०.६ बस हवी, म्हणजे लाखाला ६०. मुंबईची २०११ च्या जनगणनेची सव्वा कोटी लोकसंख्या धरली तरी साडेसात हजार होतात. लोकल आणि मेट्रोमुळे त्यातल्या हजार-दोन हजार कमी चालतील असं म्हटलं, तरी आजचा आकडा निम्म्याच्या आसपास राहतो. अशा शहरात सगळ्यांसाठी शून्य भाडं करणं मला चुकीचं वाटतं. तो पैसा आधी गाड्यांवर जावा.

बायकांसाठीचा मोफत प्रवास मात्र थांबवून ठेवू नये, आणि तो कोणी भरायचा याचा नमुना आपल्याकडे तयार आहे. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत, आणि त्या सवलतीचं मूल्य राज्य सरकार एसटीला देतं. शहर बसला हे लागू नाही. परिणाम असा की साताऱ्याची बाई अर्ध्या तिकिटात स्वारगेटला पोचते आणि तिथून हडपसरला जायला पूर्ण पैसे मोजते. बेस्ट, पीएमपी, ठाणे, नवी मुंबई, नाशिक, नागपूर या सेवा महापालिकांच्या आहेत, आणि राज्याने आजवर त्यांच्या तोट्याकडे परक्याच्या घरचं म्हणून पाहिलंय. पीएमपीची तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ६० आणि ४० टक्के वाटून घेतात. त्यात मोफत प्रवासाची भर टाकली तर दोन्ही महापालिका पहिला हात फेऱ्यांनाच लावतील. दिल्ली, तामिळनाडू, कर्नाटक तिन्हीकडे पैसे राज्य देतं. इथेही तसंच व्हायला हवं. तिकिटामागे ठरावीक रक्कम असावी, ती महिन्याच्या सुरुवातीला मागच्या महिन्याच्या अंदाजाने आगाऊ मिळावी आणि तिमाहीला हिशेब जुळवावा. मागाहून देऊ म्हणून टाकलेली रक्कम ठेकेदाराकडे उशिरा पोचते, तिथून ड्रायव्हर-कंडक्टरच्या पगारात उशीर होतो, आणि मग संप. नाशिकच्या सिटीलिंकमध्ये कंडक्टरांनी थकलेल्या पगारासाठी किती वेळा काम बंद केलं ते नाशिककरांना विचारा.

तोवर एक काम लगेच होण्यासारखं आहे आणि त्याला फार पैसा लागत नाही: दोन तास चालणारं तिकीट. आज गाडी बदलली की पुन्हा दहा रुपये. थेट गाडी नसलेल्या, म्हणजे बहुधा गरीब आणि कडेच्या वस्तीतल्या माणसाला हा दुहेरी भुर्दंड रोजचा आहे. तिकिटावर वेळ छापलेली असतेच. दुसऱ्या गाडीतल्या कंडक्टरने ती बघून फक्त नोंदीचं तिकीट द्यायचं. कोणी उतरताना आपलं तिकीट दुसऱ्याला देईल, तेवढी गळती होईल, होऊ द्यावी. त्या बदल्यात लांबच लांब वेडेवाकडे मार्ग तोडून छोटे आणि नेमाने धावणारे मार्ग करता येतात, कारण गाडी बदलण्याची शिक्षा उरत नाही.

आणि सगळ्यांना पूर्ण मोफत करून बघायचंच असेल तर ते मुंबईत नको, कोल्हापूर किंवा सोलापूरला करावं. कोल्हापूरची लोकसंख्या २०११ ला साडेपाच लाख होती. मानकाने तीनशे तीस बस हव्यात, रस्त्यावर असतात शंभराच्या आत. केएमटीचं तिकीट-उत्पन्न रुपयांत इतकं लहान आहे की ते राज्याच्या एका उड्डाणपुलाच्या खर्चात कित्येक वर्षं भरून काढता येईल. ऑगस्ट २०२३ च्या पीएम ई-बस सेवा योजनेत अशा शहरांना इलेक्ट्रिक बस मंजूर झाल्यात. तीत केंद्र दहा वर्षं किलोमीटरमागे मदत देतं, बारा मीटरच्या गाडीला २४ रुपये, नऊ मीटरच्या गाडीला २२. चार्जिंग डेपो पुरा होऊन त्या गाड्या रस्त्यावर आल्या, दर दहा-बारा मिनिटांनी गाडी देता येते असं महिनाभर दिसलं, की मग तिकीट शून्य करावं, आधी नाही. एप्रिलमध्ये सुरुवात केली तर जूनमधली शाळा-कॉलेजांची गर्दी, पावसाळ्यातले ब्रेकडाउन, गणपती आणि अंबाबाईचं नवरात्र हे चारही हंगाम त्याच वर्षात तपासून होतात, आणि पुढच्या फेब्रुवारीत अंदाजपत्रक मांडायच्या आत कोणत्या मार्गाला आणखी किती गाड्या लागतात याचे आकडे केएमटीच्या हातात असतात.